लहान शेतकऱ्याला मदत म्हणजे गरिबीला खतपाणी?

‘चार-पाच एकरवाल्यांना मदत करणे म्हणजे गरिबीलाच खतपाणी घालणे. जमीन कंपन्यांकडे जाऊ द्या, माणसे शहरात जाऊ द्या, गरिबी आपोआप हटेल.’ हा मजकूर सध्या फार फिरतो आहे. त्यातला एकेक दावा तपासू.

लहान शेत कमी पिकवते? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२१ साली जगभरचा अंदाज मांडला: दोन हेक्टरपर्यंतच्या शेतांकडे शेतजमीन जेमतेम १२ टक्के, पण जगाच्या अन्नातला त्यांचा वाटा सुमारे ३५ टक्के. घरची माणसे राबतात, बांधापर्यंतची जमीन वापरली जाते, एकाच तुकड्यात दोन-तीन पिके निघतात. माणशी उत्पन्न मात्र कमी असते, हे खरे. पण पाणी, साठवण आणि रस्ता नसेल तर दुसरे काय होणार?

मदतीचा पैसा वाया जातो? जागतिक बँकेच्या २००८ च्या जागतिक विकास अहवालानुसार, शेतीतून होणारी वाढ गरिबी घटवण्यात बिगरशेती वाढीच्या किमान दुप्पट परिणामकारक ठरते. कारण लहान शेतकऱ्याच्या हाती आलेला पैसा गवंडी, शिंपी, दुरुस्तीवाला असा गावातच फिरतो, आणि भूमिहीनालाही काम मिळते. व्हिएतनामने १९८८ मध्ये सामूहिक शेती मोडून कुटुंबांना जमीन कसण्याचे दीर्घ मुदतीचे हक्क दिले. तांदूळ आयात करणारा हा देश पुढच्याच वर्षी दहा लाख टनांहून अधिक तांदूळ निर्यात करू लागला. त्याच सुमारास भावही खुले झाले होते. म्हणजे हक्क आणि बाजार दोन्ही लागतात.

शहरात जाऊ द्या? जरूर जावे, ज्याला जायचे आहे त्याने. पण हातात थोडी शिल्लक आणि थोडे शिक्षण घेऊन जाणे वेगळे आणि जमीन गमावून जाणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात गरिबी फक्त पत्ता बदलते.

एक आक्षेप मात्र मला पटतो. खताच्या पोत्यामागे अनुदान दिले की ज्याची जमीन जास्त त्यालाच जास्त मिळते. अशी मदत बदलायलाच हवी. तिथला पैसा पाणी, गोदाम, कृषी सल्ला आणि एकत्र विक्रीकडे वळवावा. आणि सर्वांत आधी कागद नीट करावेत: कुळाने कसणाऱ्या माणसाचे आणि राबणाऱ्या बाईचे नाव अनेकदा जमिनीच्या कागदावर नसते, म्हणून बँकेचे कर्ज मिळणे त्यांना अवघड जाते आणि नुकसानभरपाई बहुधा दुसऱ्याच्याच खात्यात जमा होते.