दोन तृतीयांश लांडोर

निवृत्त माणसाला रिकामं बसू द्यायचं नाही, असा आमच्या घरात अलिखित ठराव आहे. म्हणून ५ नोव्हेंबरला, पक्षी सप्ताहाच्या पहिल्याच सकाळी, भाच्याने माझा मोबाइल ओढून घेतला आणि त्यात आयनॅचरलिस्ट नावाचं ॲप घालून दिलं. "मामा, चितमपल्लींच्या गावचे तुम्ही. त्यांच्या जयंतीपासून सालिम अलींच्या जयंतीपर्यंत अख्खा महाराष्ट्र पक्षी बघतो आणि तुम्ही टीव्ही बघता?"

काम दिसायला सोपं होतं. भेटेल त्या झाडापाखराचा फोटो टाकायचा. जगभरातली माणसं नाव सुचवतात आणि दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत झालं की नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरते. आमच्या गल्लीत पाणी आज येणार की उद्या, यावर दोघांचं एकमत होत नाही. पण म्हटलं, जग मोठं आहे.

पहिला फोटो दारातल्या तुळशीचा. रानटी की लावलेली, असा प्रश्न होता. मी खरं सांगितलं. नोंद तत्काळ 'कॅज्युअल' खात्यात गेली. ही खांद्यावरून बघत होती. "म्हणजे काय?" मी म्हणालो, "किरकोळ." पंचवीस वर्षं रोज पाणी घातलेल्या तुळशीला किरकोळ म्हणणारा नवरा त्यानंतर दोन दिवस बिनसाखरेचा चहा पितो, एवढीच नोंद करून पुढे जातो.

मग कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवरचं पिवळ्या फुलांचं झुडूप टिपलं. आमच्याकडे याला तरवड म्हणतात. स्थानिक नावं जमवावीत म्हणून फोटो कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, ही माझी चूक. वरच्या मजल्यावरच्या अक्कांनी कळवलं, हे आवरिके. पूर्व भागातून राहायला आलेल्या वहिनींनी लिहिलं, "तंगेडू! याच्याशिवाय आमच्या सणातली फुलांची बतुकम्मा सजत नाही." एका काकांनी न विचारता मधुमेहावरचा काढा दिला. सोलापुरात साध्या झुडपालाही तीन भाषा याव्या लागतात. वाद वाढायला लागला तेव्हा मिटवावा म्हणून मी झुडपाच्या शास्त्रीय नावाची बाजू मांडली : "ही सेना आहे. आधी कॅसियात होती, नंतर सेनेत घेतली."

क्षणात विचारणा झाली, "कोणती सेना?" त्याच्या पाठोपाठ ॲडमिनचा मोठ्या अक्षरांतला इशारा, राजकीय पोस्ट टाकू नये. मला ग्रुपमधून काढलं ते संक्रांतीपर्यंत परत घेतलं नाही. तीळगूळ घ्यायलासुद्धा.

रविवारी इरेला पेटून नान्नज गाठलं. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि भाच्याची दुर्बीण घेऊन. १९७९ साली माळढोकासाठी इथे अभयारण्य झालं, तेव्हा त्यात ८,४९६ चौरस किलोमीटर जमीन धरली होती. नंतर अभयारण्यही आटलं आणि माळढोकही. आता तो दिसणं म्हणजे लॉटरीच. दोन तास कुसळं मोज्यांत भरून घेतल्यावर लांब गवतात काहीतरी लांब मानेचं हललं. हात थरथरत होते. मीटरभर उंच, पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी माझ्या फोटोत मोहरीएवढा आला.

शेजारी मेंढरं घेऊन एक धनगर उभा होता. "काय टिपताव, सायेब?"

"माळढोक," मी श्वास रोखून म्हणालो.

त्याने डोळ्यांवर हातसुद्धा धरला नाही. "लांडोर हाय की वो ती."

मी त्याला बोटाने गप्प केलं. असल्या गोष्टी आता जग ठरवतं, हे त्याला कोण सांगणार?

घरी येऊन माळढोक म्हणून नोंद केली. दुर्मीळ पक्ष्याचा ठावठिकाणा शिकाऱ्यांना कळू नये म्हणून ॲप नेमकी जागा आपोआप झाकतं आणि खूण आसपासच्या मोठ्या चौकोनात कुठेही टाकतं. माझा माळढोक नकाशावर कुणाच्या तरी उसाच्या फडात जाऊन उभा राहिला. मी मात्र नातेवाइकांना फोन लावले. तिसरा लागेपर्यंत बेल्जियमच्या कुण्या गृहस्थाने लिहिलं होतं : लांडोर.

आता एक मत माळढोकाला, एक लांडोरीला. अशा वेळी ॲप दोघांनाही मान्य होईल एवढंच बोलतं. माझ्या नोंदीचं शीर्षक बदलून झालं : 'पक्षी'.

ही वाचून म्हणाली, "एवढ्यासाठी नान्नजला गेला होतात? खिडकीतून कावळा दाखवला असता."

चार दिवस ते तसंच ठेवलं. पाचव्या दिवशी भाच्याचा फोन. "मामा, 'सहमत'चं बटण दाबा की. दुसरं मत तुमचंच हवंय." दाबलं. लांडोर संशोधनाच्या दर्जाची झाली आणि नकाशावरची खूण उसातून उडून माळावर, बरोब्बर धनगराच्या पायाशी येऊन बसली.

तेवढ्यात खाली नवा प्रश्न आला. फोटोच्या डाव्या कोपऱ्यातली मेंढी रानटी आहे की पाळीव?