देवाची काच

काल एका भंगारवाल्यानं मला माझीच वस्तू विकायला नकार दिला. चोरीची म्हणून नव्हे, देवाची म्हणून.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. पासिंग तोंडावर आलेलं आणि मागच्या लाइटची काच फुटलेली. काच नुसती म्हणायची, असतं लाल प्लास्टिक. तसली एक जादा काच मी पूर्वीच कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणून ठेवली होती. मुंबईत पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या धावत होत्या, तोवर तिथं नुसता शब्द टाकला की माल निघायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटचीही रस्त्यावरून गेली, आणि आता ज्याच्याकडे चार नट-बोल्ट उरलेत तो भाव सांगण्याआधी गिऱ्हाइकाच्या पायातली चप्पल बघतो.

म्हणून आम्ही सोलापुरातल्या जुन्या गाडीवाल्यांनी सामायिक वही घातली. वस्तू काय, कुणाची, कुणी नेली, परत आली का. शेवटच्या रकान्यात नातवानं चित्रं काढलीत; जागा भरपूर होती.

माझी काच एकानं वरातीपुरती नेली. त्याच्याकडून ती मेस्त्रीकडे गेली आणि मेस्त्रीकडून अक्कलकोट रोडच्या ह्या दुकानात. गल्ल्याच्या वर गणपतीची तसबीर, तिच्यापुढे झिरोचा बल्ब, बल्बावर सुतळीनं बांधलेली माझी काच. कडेला मी पेनानं घातलेली आद्याक्षरंसुद्धा दिसत होती.

"ती काच काढा हो."

"ती देवाची हाय."

"माझी आहे. वहीत नोंद आहे."

"देवाला दिलेलं कोण परत मागतंय का ओ?"

"मी देवाला नाही दिली, वरातीला दिली होती!"

पितळी स्टो विकायला आलेले एक आजोबा तिथं बाकड्यावर चहा पीत होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी बशी खाली ठेवली, टोपी नीट केली आणि खटला चालवायला घेतला.

"मोटार रोज काढता?"

"रोज नाही. रविवारी."

"देवाचा बल्ब रोज लागतो." हा मुद्दा त्यांनी बोट मोडून जमा केला. "ही काच कवा पेटती?"

"ब्रेक दाबल्यावर."

"मग ब्रेक कमी दाबा की."

मी म्हटलं, पासिंगला अडवतील. त्यावर त्यांनी गाडी केवढ्याची, वजन किती, पत्रा जाड का पातळ, सगळं विचारून घेतलं आणि भंगारवाल्याकडे वळून म्हणाले, "अख्खीच घालतेत का इचार की." मी रस्त्यावर उभा आहे आणि माझ्या गाडीचा किलोवर सौदा चाललाय! मी पैसे काढले. भंगारवाल्यानं हात जोडले, मला नव्हे, तसबिरीला. "लाल उजेड पडायला लागल्यापास्नं गल्ला बरा हाय, साहेब. दुसरी असंल तर आणा. जोडी झकास दिसंल."

दुसरी आहे. गाडीला लावलेली आहे!

बाजारात नवी नक्कल मिळते, पण तिची भोकं जुळत नाहीत, आणि आपल्या एप्रिलच्या उन्हात तिचा लाल रंग बघता बघता गुलाबी होतो. गुलाबी ब्रेक लाइट लावून पासिंगला कोण उभं राहील?

जास्त लागतं ते दुसरंच. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये काढली ती वालचंद हिराचंदांनी, आणि त्यांचा जन्म १८८२ चा, आपल्या सोलापुरातला. ह्या माणसानं जहाजं काढली, विमानांचा कारखाना काढला, मोटारी काढल्या. सोलापुरात त्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. पण त्यांच्या मोटारीच्या काचेसाठी त्यांच्याच गावात मी गणपतीशी भांडतोय.

आणि सामायिक वही म्हणे! माल साठवायचा आम्ही, कुर्ल्याचं भाडं घालायचं आम्ही, आणि मागायला गेलं की कंजूषही आम्हीच. घेणाऱ्याला तारीख आठवत नाही, वस्तू आठवत नाही. आपलं घर कुठं आहे तेवढं मात्र बरोबर आठवतं.

रात्री वरातवाल्याला फोन केला. तो हसला. "काका, देवाच्या कामी आली, राहू द्या की ओ!" आणि त्याच दमात, "तुमच्याकडं वॉटर पंप जादा आहे म्हणे?"

आहे. पण वहीत नाही, आणि येणारही नाही.