कपड्यांबद्दल एक सरळ ओळ लिहायला तुमचे काय जाते?

गेल्या महिन्यातल्या एका मेजवानीच्या निमंत्रणात कपड्यांविषयी 'स्मार्ट कॅज्युअल' एवढे दोनच शब्द होते आणि त्या दोन शब्दांनी माझ्या संध्याकाळची माती केली. अर्थ नीट कळावा म्हणून मी यजमानांना मुद्दाम फोन केला, तर ते म्हणाले, "अहो, काहीही घालून या, सगळी आपलीच माणसे आहेत." मी खबरदारी म्हणून गडद निळा सूट आणि टाय घालून गेलो. दार उघडले ते स्वतः यजमानांनी, आणि त्यांच्या अंगावर अगदी बेतून शिवलेला ब्लेझर, टायविना मोकळ्या गळ्याचा शर्ट, वेगळ्या रंगाची सुती पँट आणि लोफर्स, म्हणजे बिननाडीचे बूट, होते. म्हणजे काय घालायचे हे त्यांना नेमके ठाऊक होते, फक्त ते मला सांगण्याची तसदी त्यांनी घेतली नव्हती. आतल्या सगळ्या पुरुषांचा वेश थोड्याफार फरकाने तसाच होता. मी न्हाणीघरात जाऊन टाय सोडली आणि गुंडाळून खिशात कोंबली, पण टायसाठी शिवलेली कॉलर वरचे बटण काढताच लुळी पडून कोटाच्या आत सरकत राहिली, खिसा फुगलेला दिसत राहिला आणि पुढचे तीन तास माझा एक हात सतत गळ्याशी होता. "ऑफिसातून थेट आलात वाटते?" हा प्रश्न मला त्या रात्री चार जणांनी विचारला.

मला संताप येतो तो या मोघमपणाचा. नटण्याची हौस असलेल्यांना शब्दकोडी आवडत असतील, पण बाकीच्यांना आपण कुठे, कोणत्या वेळी आणि कोणाबरोबर उभे राहणार आहोत एवढे कळले, तर ते बरे कपडे घालू शकतात. ही माहिती यजमानांकडे असते आणि नेमकी तीच ते देत नाहीत. जागा उघडी आहे की बंद, पायाखाली गवत आहे की फरशी, बसून जेवायचे आहे की उभ्याने गप्पा मारायच्या आहेत, टाय लावायची की नाही, एवढे लिहायला दोन ओळी पुरतात.

ज्या शब्दांना खरोखर नेमका अर्थ आहे, तेही लोक बिनदिक्कत वाटेल तसे वापरतात. 'ब्लॅक टाय' म्हणजे काळी नेकटाय नव्हे. त्याचा अर्थ रेशमी झळाळीच्या लॅपेलचा, म्हणजे छातीवर दुमडलेल्या पट्ट्यांचा, डिनर जॅकेट, बाजूच्या शिवणीवर तशीच पट्टी असलेली आणि पट्टा न लावायची पँट, पांढरा शर्ट, काळा बो टाय आणि काळे चकचकीत बूट. एका समारंभाला हा सगळा सरंजाम मी भाड्याने आणला, आणि तिथे गेल्यावर कळले की निमंत्रण लिहिणाऱ्याच्या मनात फक्त "जरा काळे काहीतरी" एवढेच होते. मुळात हा वेश जन्माला आला तो सुटसुटीतपणासाठी. लंडनच्या सॅव्हिल रोवरील हेन्री पूल या शिवणगृहाच्या सांगण्यानुसार, १८६५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, घरगुती जेवणाच्या वेळी घालायला शेपटीविना आखूड जॅकेट शिवले. पुढे न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क या गावावरून अमेरिकेत त्याला टक्सिडो हे नाव पडले. तेव्हाचा आरामाचा कपडा आज सर्वांत औपचारिक कपड्यांत गणला जातो. शब्दांचे आणि कपड्यांचे अर्थ इतके सरकत असतील, तर पाहुण्यांनी ते स्वप्नात ओळखायचे का?

बाकीच्या प्रसंगांत फारसे अवघड काही नाही. संध्याकाळच्या कॉकटेल पार्टीला गडद सूट शोभतो, दिवसाच्या बागेतल्या पार्टीला फिक्या रंगाचे सुती किंवा लिननचे कपडे चांगले दिसतात, आणि लिनन चुरगळते ते चुरगळू द्यावे, तो त्या कापडाचा स्वभावच आहे. ऑफिसच्या पार्टीला रोजचाच शर्ट स्वच्छ इस्त्री करून, बूट पुसून गेले तरी भागते.

दुकानदारांवरही माझा तितकाच राग आहे. सूट घेताना एका विक्रेत्याने मला अर्धा तास कापडाचे कौतुक ऐकवले, पण खांद्याविषयी तो एक अक्षर बोलला नाही. कोटाच्या खांद्याची शिवण आपल्या खांद्याचे हाड संपते तिथेच संपली पाहिजे. बाहीची लांबी, पँटची उंची आणि कंबर शिंपी सहज दुरुस्त करतो, पण खांदा चुकला तर बाह्या उसवून कोट जवळजवळ नव्याने उभा करावा लागतो. माझा खांदा दोन बोटे बाहेर लोंबत होता आणि तो म्हणाला, "वापरून बसेल." कापड अंगावर बसते, साहेब, हाड वाढत नाही! त्याच कोटाच्या मागच्या चिरेवर फुलीसारखा घातलेला तात्पुरता टाका आणि बाहीवरचे कापडाचे लेबल कापून टाकायचे असते, हेही त्याने सांगितले नाही. एका भोजनसमारंभात कोणीतरी अनोळखी गृहस्थांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितले, तेव्हा मी तो कोट पाचव्यांदा घातला होता.

आणि कोणाला विचारावे, तर मित्र म्हणतात, "पुरुषांना काय, एक सूट असला की झाले. एवढा नटून कुठे निघालास?" एकाच सूटवर दुपारची बाग, रात्रीचे नृत्य आणि मित्राचा वाढदिवस निभावता येत नाही, हे अनुभवाने शिकण्याआधी कोणीच बोलत नाही. विचारणाऱ्याची टिंगल करायची आणि चुकला की त्याच्याकडे वळून बघायचे, ही रीत मला अतिशय चीड आणणारी वाटते.

आज सकाळी नवे निमंत्रण आले आहे. त्यात लिहिले आहे, "सेमी फॉर्मल, पण थोडे फेस्टिव्ह." या वेळी मी फोन केलेला नाही. मी लेखी विचारले आहे: टाय हवी की नको, जागा उघडी आहे का, आणि तुम्ही स्वतः काय घालणार आहात? उत्तर येईपर्यंत मी येणार असल्याचे कळवणार नाही.