पेपरलेसच्या तीन प्रती

मोठ्या कंपन्यांची खरेदी आता म्हणे पूर्ण डिजिटल. ऑर्डर पोर्टलवर, एएसएन (माल निघाल्याची आगाऊ सूचना) पोर्टलवर, गेटवर फक्त क्यूआर कोड दाखवायचा. काल भोसरीहून बुशांचा, म्हणजे गाडीत बसणाऱ्या छोट्या नळीसारख्या भागांचा, माल घेऊन चाकणला गेलो आणि ऐटीत कोड दाखवला. गेटवरच्या काकांनी मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही.

"प्रिंट?"

"काका, पेपरलेस झालंय ना?"

"म्हणून तर तीनच. आधी पाच लागायच्या."

"अहो, कोड स्कॅन करा की."

"स्कॅनर चार्जिंगला आहे."

"मग रजिस्टरला नोंद करा."

"रजिस्टर बंद केलं साहेबांनी." एवढं बोलून काकांनी टेबलाखालून जाडजूड रजिस्टर काढलं. "हे माझं घरचं. सिस्टीममध्ये गाडी सापडली नाही की साहेब यातच बघतात."

समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे रांग होती. पेपरलेस आल्यापासून त्याने दुसरं मशीन घेतलंय. पोर्टलचा पासवर्ड विसरलेल्यांना तो नवा काढून देतो, त्याचे वेगळे पैसे. प्रती घेऊन परतलो.

"सही कुठंय?"

"डिजिटल सही आहे ती, काका."

"असू दे. तिच्यावर शिक्का मारा."

शिक्का भोसरीत. शेवटी झेरॉक्सवाल्याकडचंच पेन घेऊन डिजिटल सहीवर सही केली. काका खूश. टेम्पो आत.

माल आत गेला म्हणजे पोहोचला असं नाही. जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची कंपनीची नोंद, व्हायला हवी. मागचे बुश लाइनवर लागून गाड्या रस्त्यावर आल्या असतील, पोर्टलवर मात्र अजून 'क्यूसी पेंडिंग', म्हणजे तपासणी बाकी. लघुउद्योगांसाठीचा 2006 चा कायदा सांगतो, 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरायचं, आणि लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मागून बघा ते व्याज! पुढची ऑर्डर कुणाला जाते तेही बघा. परचेसला फोन केला तर "सर, सिस्टीम दाखवत नाही." पैशांचं नाव काढलं की सिस्टीमला मोतीबिंदू होतो.

रिव्हर्स ऑक्शनला, म्हणजे सगळ्यात कमी भाव लावणाऱ्याच्या उलट्या लिलावाला, मात्र नजर लख्ख. बुशामागे दहा पैसे कुणी कमी केले की त्याच क्षणी माझ्या स्क्रीनवर लाल अक्षरं: तुम्ही मागे पडलात. तिथे सर्व्हर डाऊन झालेला मी कधी पाहिला नाही. प्रिंटही कुणी मागत नाही.