माशावर उतारा म्हणून दुसरा मासा? नको!

भाचीने एक संदेश पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, पटतंय ना?" ती मत्स्यविज्ञान शिकते, म्हणून जास्तच संताप झाला. संदेशातले दावे असे: मोठ्या सरोवरात परका मासा माजला तर त्याला खाणारा मोठा मासा सोडावा, औषध वापरलं की अख्खं सरोवर मरतं, आणि काहीच केलं नाही तरी निसर्ग आपोआप समतोल साधतो.

पहिला दावा सगळ्यात घातक. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९५० आणि ६० च्या दशकांत नाइल पर्च हा मासा सोडला तो अशाच हिशेबाने: छोटे, 'बिनकामाचे' सिक्लिड मासे खाऊन तो विकाऊ मासा होईल. दोन मीटरपर्यंत वाढणारा हा शिकारी १९८० च्या दशकात इतका फोफावला की जगात इतरत्र कुठेच नसलेल्या सिक्लिडच्या बहुधा २०० च्या आसपास जाती नाहीशा झाल्या. गढूळ पाण्याचाही त्यात वाटा होता, पण मुख्य घाव पर्चचाच. निर्यातीतून पैसा आला, हे खरं. पण छोटे मासे उन्हात वाळायचे. हा तेलकट मासा धुरावर धरावा लागतो, त्यासाठी किनाऱ्यावरची झाडं तुटली. आणि एकदा सोडलेला मासा ६८ हजार चौरस किलोमीटर पाण्यातून परत कोण काढणार?

संदेशात अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराचा दाखला आहे. १९६६ मध्ये तिथे सॅमन हे शिकारी मासे सोडले आणि एलवाइफ नावाचे परके मासे आटोक्यात आले. बरं, एवढं मान्य. पण पुढचं का गाळलं? एलवाइफ माजले, कारण त्यांना खाणारा लेक ट्राउट बेसुमार मासेमारीने आणि सी लॅम्प्रे या रक्त पिणाऱ्या माशाने संपवला होता. लॅम्प्रेला आधी आवर घातला, म्हणून सॅमन टिकले. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३ च्या सुमारास एलवाइफच कोसळले आणि पाठोपाठ त्यांच्यावर जगणारे चिनूक सॅमनही.

आता औषध. लॅम्प्रेला जबडा नसतो. गोल, दातेरी तोंडाने तो माशाला चिकटतो, कातडी खरवडतो आणि रक्त पितो. या सरोवरांतल्या मासेमारीचं काम पाहणाऱ्या ग्रेट लेक्स फिशरी कमिशनच्या माहितीनुसार एक लॅम्प्रे अशा रीतीने १८ किलोपर्यंत मासे मारतो. सुमारे सहा हजार रसायनं तपासल्यावर १९५० च्या दशकात टीएफएम हे लॅम्प्रे मारणारं औषध हाती लागलं. ते सरोवरात ओतत नाहीत; लॅम्प्रेची पिल्लं ज्या ओढ्यांच्या गाळात वर्षानुवर्षं दडून असतात, तिथे मोजून सोडतात. बहुतेक मासे ते पचवून बाहेर टाकतात, लॅम्प्रेला ते जमत नाही. स्टर्जन माशाची पिल्लं मात्र नाजूक, त्यामुळे तिथे जपावं लागतं. या उपायांनी लॅम्प्रे सुमारे ९० टक्क्यांनी घटले.

'काहीच करू नका' याचीही परीक्षा झालीच आहे. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये हे काम कमी झालं, आणि लॅम्प्रे लगेच वाढले. २०२४ मध्ये तिथल्याच सुपीरियर सरोवराच्या बहुतांश भागात लेक ट्राउट पूर्ववत झाल्याचं जाहीर झालं. ओढ्यांतलं काम तरीही चालूच आहे.