‘साठीनंतर आराम करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

हा मेसेज मला आतापर्यंत चार जणांनी पाठवला. शेवटचा आला मावशीकडून, खाली हात जोडलेले. लांबलचक आहे, पण गाभा एवढाच: साठीनंतर शरीराला आराम द्या. मग कारणं. हृदयाचे ठोके जन्मतःच मोजून मिळतात, व्यायामाने ते लवकर संपतात. गुडघे टायरसारखे झिजतात, म्हणून जिने टाळा. या वयात स्नायू वाढत नाहीत, वजनं उचलाल तर दुखापत ठरलेली. पडायची भीती असते, तेव्हा शक्यतो बसूनच राहा. आणि शेवटी, ‘शरीर थकणारच. मन तरुण ठेवा, तेवढं पुरे.’

मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची. हल्ली खुर्चीतून उठताना ती आधी पुढे सरकते, खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे दाबते, एक झोका घेते, तो फुकट जातो, आणि दुसऱ्या झोक्याला उभी राहते. वर म्हणते, ‘वय झालं रे.’ त्यामुळे हा मेसेज हसून डिलीट करणं मला जमलं नाही.

ठोक्यांचा हिशोब आधी उरकू. हृदयाला असा ठरलेला कोटा असतो याला पुरावा नाही, पण वादापुरता धरू. बसून असणाऱ्या माणसाचे मिनिटाला ७५ ठोके म्हणजे दिवसाला १,०८,०००. तोच माणूस रोज तासभर झपाझप चालू लागला आणि त्या तासात मिनिटाला १२० पडले, तर ७,२०० खर्च झाले. पण नियमित व्यायामाने बसल्या जागची नाडी संथ होते. मी हात आखडून पाचनेच कमी धरतो, ७०. उरलेल्या २३ तासांचे ९६,६००. एकूण १,०३,८००. कोटा खरा मानला तरी व्यायाम करणाऱ्याच्या खात्यात रोज ४,२०० ठोके शिल्लक!

१९५३ मध्ये जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. ड्रायव्हर मुळातच जाड होते हे पुढे मॉरिस यांनीच गणवेशांच्या मापांवरून दाखवलं, त्यामुळे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. पण व्यायामाने हृदय लवकर संपतं असं मात्र त्यातून कुठूनही निघत नाही. छातीत दुखत असेल, थोड्या श्रमात धाप लागत असेल, तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. हे वाक्य त्या मेसेजात असतं तर मी त्याला एक गुण दिला असता.

गुडघ्यांचं. टायर झिजतो कारण तो निर्जीव आहे. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, थेट रक्तपुरवठा नसतो, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि भार पडला-सुटला की तो द्रव तिच्यात आत-बाहेर खेळतो. गुडघा सुजलाय तेव्हा चार दिवस सांभाळणं वेगळं आणि जिन्याशी जन्माची कट्टी वेगळी. झिजलेल्या गुडघ्यावरच्या उपचारातही मांडीच्या स्नायूंचा व्यायाम अगदी सुरुवातीला येतो.

आता स्नायूंचा मुद्दा. मेसेजातलं सगळ्यात घातक वाक्य हे, कारण ते पटण्यासारखं आहे. दंड सैल पडलेले सगळ्यांना दिसतात.

१९९० मध्ये बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा जणांना वजनं उचलायला लावली. वय ८६ ते ९६. वजनंही लुटुपुटुची नाहीत: एका वेळी जेवढं कमाल पेलवेल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंतची, पायांनी उचलायची. आठ आठवडे. नऊ जणांनी पूर्ण केलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीचे स्नायूही मापात भरले. दोघांची काठी सुटली. हातांचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठू न शकणारे तिघे होते, त्यातला एक जण उठू लागला.

दहा म्हणजे फारच थोडे, ही शंका रास्त. १९९४ मध्ये त्याच संशोधिकेने शंभर जणांवर प्रयोग केला, सरासरी वय ८७, दहा आठवडे. व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, जिना चढण्याची क्षमता २८ टक्क्यांनी. पूरक आहारही देऊन पाहिला होता. व्यायामाशिवाय नुसत्या आहाराने अशक्तपणा हटला नाही. ‘शक्तीचा डबा’ विकणाऱ्यांना ही ओळ आवडणार नाही.

आणि आराम? तोही तपासून झालाय. २००७ च्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं. पायांमधलं जवळजवळ एक किलो चरबीविरहित वजन, म्हणजे मुख्यतः स्नायू, उतरलं. त्याआधी १९६६ मध्ये डलासला विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. विशीतल्या त्या तीन आठवड्यांनी दमसास, म्हणजे श्रम करताना प्राणवायू वापरायची कमाल क्षमता, जेवढा घटला होता, तेवढा पुढच्या तीस वर्षांनीही घटला नव्हता. ‘वय झालं’ म्हणून आपण जे वयाच्या नावावर टाकतो, त्यातलं बरंचसं अंथरुणाच्या आणि खुर्चीच्या नावावर जायला हवं.

बरंचसं, सगळं नाही. ‘वय हा फक्त आकडा’ म्हणणाऱ्यांचाही मला तेवढाच कंटाळा आहे. वाढत्या वयात हृदयाची कमाल गती उतरते, झटक्याने काम करणारे स्नायूतंतू आधी कमी होतात, आणि हे कुठल्याही व्यायामाने पूर्ण थांबत नाही. फ्रान्सचे रोबेर मार्शां यांनी शंभराव्या वर्षी तासाभरात २४.२५ किलोमीटर सायकल चालवली. मग वैज्ञानिकांच्या सल्ल्याने सराव बदलला आणि १०२ व्या वर्षी २६.९२७ किलोमीटर केले. म्हणजे शंभरीनंतर सुधारणा! पण १०५ व्या वर्षी आकडा २२.५४७ वर आला. वय वसुली करतंच.

पडण्याचा मुद्दा मावशीला खरा वाटतो, आणि भीती खरीच आहे. पण पडणं कसं होतं ते पाहा. पायाचा अंगठा कशात तरी अडकतो, अंग पुढे झुकतं, आणि दुसरा पाय झटकन पुढे टाकता आला तर माणूस सावरतो. सगळा खेळ त्या एका पावलाचा. बसून राहिलं की नेमकं तेच पाऊल मंदावतं, मग भीती वाढते, मग बसणं वाढतं. २०१९ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने शंभराहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होतं. त्यातही उपयोगी ठरला तो तोल सांभाळायचा आणि उठबस वगैरेंचा व्यायाम. नुसत्या चालण्याने पडणं टळतं असं ठामपणे म्हणता आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनाही ६५ वर्षांवरच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमांबरोबर किमान दोन दिवस ताकदीचा आणि किमान तीन दिवस तोलाचा व्यायाम सांगते. ‘मी रोज फिरायला जातो की’ म्हणणाऱ्या काकांनी हे दोनदा वाचावं.

राहिलं मन. चाळिशी उलटलेली माणसं स्वतःला खऱ्या वयापेक्षा साधारण २० टक्क्यांनी तरुण समजतात, असं एका अभ्यासात दिसलं होतं. थोडक्यात, मन तरुण ठेवायला कुणाच्या मेसेजची गरज नाही, ते तसंच असतं. अडतं ते पायांशी. मानसशास्त्रज्ञ बेक्का लेव्ही यांचा २००२ चा अभ्यास सगळीकडे फिरवला जातो: स्वतःच्या म्हातारपणाबद्दल चांगलं मत असणारे साडेसात वर्षं जास्त जगले. अभ्यास खरा आहे, आणि त्यात तब्येतीचा फरक जमेस धरायचा प्रयत्नही आहे. पण माणसाचं स्वतःबद्दलचं मत काही हवेतून येत नाही. पाणी घ्यायला उठण्याआधी ‘आता कशाला उठू’ असा विचार दिवसातून दहादा करावा लागत असेल, तर ते मत फार काळ चांगलं राहत नाही. मावशीचं ‘वय झालं’ असंच प्रत्येक झोक्याबरोबर घट्ट होत गेलं.

तिला मी लेख वगैरे वाचायला दिला नाही. ‘हाताची घडी घालून उठून दाखव,’ म्हटलं. तीस सेकंदांत किती वेळा उठबस होते ते मोजायची एक साधी चाचणी आहे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईची दहापेक्षा कमी झाली तर ती सरासरीच्या खाली. हात टेकले तर थेट शून्य.

‘पडले तर?’
‘मी आहे ना. आणि मागे भिंत आहे.’

शून्य आलं. मग खुर्चीवर दोन उशा ठेवून बैठक उंच केली, तेव्हा चार झाले. ती जरा ओशाळली, जरा चिडलीही. रोज करायचं ठरलं, दर आठवड्याला मला आकडा कळवायचा. तीन आठवड्यांनी एक उशी निघाली. काल तिचा फोन आला.

‘सात झाले. पण सातवा अर्धाच धर, मी थोडी टेकले होते.’