मार्चअखेरच्या सूचनांत ग्रामसभेला एकच ओळ?

मार्चअखेर घरपट्टी-पाणीपट्टी भरण्याची, पाणी जपून वापरण्याची आणि १ मेच्या ग्रामसभेला येण्याची आठवण करून देणारा तुमचा लेख वेळेवर आला. मात्र ग्रामसभेची बोळवण त्यात एका ओळीत व्हावी, हे खटकले. एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती नसल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही, त्यामुळे नळयोजनेची दुरुस्ती किंवा घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी असे विषय मूठभर लोकांच्या हजेरीत मंजूर होऊन जातात. आमच्या गावात गेल्या वर्षी सभेची नोटीस फलकावर लागली होती खरी, पण तिच्यावर यात्रेतल्या कुस्त्यांचे पोस्टर चिकटवलेले होते आणि दवंडी (ती आता व्हॉट्सॲपवरच पिटली जाते) म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत पोचलीच नाही. ग्रामसभेआधी होणाऱ्या महिलांच्या सभेचा तर लेखात उल्लेखही नाही. कर भरणाऱ्यांनी पावतीबरोबर नमुना ८ चा उताराही (ग्रामपंचायतीतली घराच्या कर-आकारणीची नोंद) पाहून घ्यावा. माझ्या पडक्या गोठ्यावर तीन वर्षे पक्क्या घराची आकारणी होत होती.